काळू नदीवर जायचं चाललंय

जगूशेठ म्हात्रे नवीन माणसाला भेटला की आधी त्याचं वजन विचारतो. नाव, गाव, नोकरी हे सगळं मागाहून. कुलकर्ण्यांच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर चढून त्याने आहेराचं पाकीट दिलं आणि फोटोग्राफर थांबलेला असतानाच नवरदेवाला वजन विचारलं. नवरदेव म्हणाला, चौऱ्याहत्तर. जगूशेठने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "नाय, अठ्ठ्याहत्तर" असा निकाल देऊन तो जेवायला गेला. फोटोत नवरी नवऱ्याकडे संशयाने बघताना आली आहे.

या चौकशीला कारण आहे. मानपाड्याला आमच्या सोसायटीला लागून जगूशेठचा तीन मजली बंगला, आणि त्याच्या अंगणात सहा कायाक पालथ्या पडलेल्या. कायाक म्हणजे प्लास्टिकची लांबट होडी, दोन माणसं पुढे-मागे बसून वल्हवतात ती. जगूशेठच्या मुलाने, नीलेशने, एका धरणावर पर्यटकांसाठी म्हणून त्या घेतल्या. धंदा दोन हंगामांत बसला. मुलगा बायकापोरांसह लांब ठाण्याला एका टॉवरमध्ये राहायला गेला आणि होड्या बापाकडे राहिल्या. गणपती झाल्यावर एका रविवारी जगूशेठने आम्हा शेजाऱ्यांना बोलावून जाहीर केलं की आपण सगळे मिळून काळू नदीवर जाऊ. आंबिवलीहून आत, नदीच्या काठाला त्याच्या मावसभावाची वाडी आहे. शनिवारी जायचं, वाडीत मुक्काम करायचा, कायाकमधून मासे धरायचे, खायचे, आणि रविवारी संध्याकाळी परत. त्याने मोबाइलवर नदीचा व्हिडिओही दाखवला. बांबूची बेटं, हिरवं थंड पाणी, मध्येच एक खंड्या उडून गेला. आम्ही बारा जणांनी एका दमात होकार दिला.

आता माझ्याविषयी. मी सावंत, सोसायटीचा सेक्रेटरी. चौदा वर्षं सोसायटीची वार्षिक सहल मी नेत आलो. बस मी ठरवायची, कोणाला गाडी लागते त्यांना पुढच्या सीट मी द्यायच्या, इडलीचे डबे मी मोजायचे आणि गाण्याच्या भेंड्यांत 'ळ' आला की वाद मी मिटवायचे. रिटायर झाल्यापासून तर वर्षभरात मला कोणी विचारावं असा तोच एक प्रसंग. त्या रविवारनंतर मला सहलीचं कोणी विचारलं नाही. नोटीस बोर्डावर मी लावलेल्या कागदाखाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, 'यंदा काळू'.

मी जळलो. उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. माझ्या वार्षिक सभेला गणसंख्या भरावी म्हणून मला मजल्यामजल्यावर बेल दाबत फिरावं लागतं, आणि या माणसाकडे दर रविवारी अकराला बारा माणसं आपल्या पायांनी जातात. चौदा वर्षांत माझ्या कुठल्याही सहलीला न आलेले कुलकर्णीसुद्धा. कुलकर्णी शुद्ध शाकाहारी. त्यांनी गळ विकत आणला. मासा लागला तर काय कराल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सोडून देईन हो, पण ओळख तरी होईल."

त्यात आमच्याच घरात फितुरी. रविवारी बैठक झाली की जगूशेठकडे जेवण असायचं. कोळंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, आणि कुलकर्ण्यांसाठी वालाचं बिरडं. कोण करतं विचारलं तर जगूशेठ म्हणायचा, "घरातलंच हाय." सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, पहिला घास खाऊन डोळे मिटले. मी मालवणचा. तीस वर्षं मी बाजारातून मासळी निवडून आणतोय, माझ्या पिशवीकडे बघून तिने कधी डोळे मिटले नव्हते.

बैठकीत काम काय चालायचं, तर वजनं. जगूशेठचा विजेच्या काट्यावर विश्वास नाही. "तो मानसाची भीड धरतो," असं त्याचं मत. त्याच्याकडे कोपरीच्या मामाकडून आलेला, मिठागरावर मीठ तोलायचा जुना तराजू आहे. तो आंब्याच्या फांदीला टांगलेला. एका पारड्यात लोखंडी वजनं, दुसऱ्या पारड्यात आम्ही. सोसायटीच्या गॅलऱ्यांमधून पोरंसोरं बघतायत आणि मी, सेक्रेटरी, पाय पोटाशी घेऊन मिठाच्या पारड्यात लोंबकळतोय. मग जोड्या लावायच्या. पुढचा हलका, मागचा जड. मला कुलकर्णी मिळाले.

नंतर तालीम. होड्या अंगणात सुलट करून मांडायच्या, त्यांत बसायचं आणि कोरड्या फरशीवर हवेत वल्हं मारायचं. जगूशेठ ओट्यावर उभा राहून डावं, उजवं ओरडायचा. वल्ही दोनच शाबूत होती, म्हणून बाकीच्यांना जळमटं काढायच्या झाडूचे दांडे. घाई केलेली त्याला चालत नसे. "पान्याशी घाई नाय," हे त्याचं पालुपद. पुढे पुढे सोसायटीत लिफ्ट अडकली तरी लोक म्हणायला लागले, पाण्याशी घाई नाही. माझं एकही वाक्य चौदा वर्षांत कोणी उचललं नाही.

पण तारीख काही ठरेना. पहिली ठरली ती ऑक्टोबरातली. डबे, टोप्या, सगळं तयार. दोन दिवस आधी कुणाच्या तरी आईच्या लक्षात आलं की शनिवारी बारातले सात जण मारुतीचं म्हणून मासे खात नाहीत, आणि त्या रविवारी संकष्टी. म्हणजे एकूण दोन दिवस मासे धरायचे आणि बटाट्याची भाजी खायची. मी म्हटलं, धरून बर्फात ठेवू. जगूशेठने मान हलवली. मासा धरायचा आणि खायचा नाही, हा त्या माशाचा अपमान आहे, असं त्याने सांगितलं आणि बाराच्या बारा जणांना ते पटलं. बेत पुढे गेला. मग दिवाळी आली. मग मार्गशीर्ष लागला, आणि महिनाभर निम्म्या घरांत मासळीचा वास वर्ज्य. तरी बैठका चालूच, फक्त कोळंबीच्या जागी सगळ्यांनाच बिरडं. तो संपल्यावर गावदेवीची जत्रा निघाली. ती झाली तर कुलकर्ण्यांचं वजन मुलीच्या लग्नातल्या जिलब्यांनी वाढलं आणि सगळ्या जोड्या नव्याने लावाव्या लागल्या.

इथे माझ्यातला सेक्रेटरी जागा झाला. मी मनाशी म्हटलं, या माणसाला बैठका जमतात, सहल नेता येत नाही. ती आपण नेऊन दाखवायची. पंचांग घेऊन बसलो. कोणाचा कुठला वार, कोणाची एकादशी, कोणाच्या घरचं श्राद्ध, असा बारा माणसांचा तक्ता केला आणि फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार शोधून काढला. शनिवारी दुपारी निघायचं, त्या दिवशी साधं जेवण, मासे रविवारी पहाटे धरायचे, दुपारी खायचे. रविवारी कोणाचंही काहीही नाही. जगूशेठच्या मावसभावाचा नंबर मिळवून परस्पर त्याला फोन केला. तो म्हणाला, मी गणपतीपासून वाट बघतोय, कधीही या. टेम्पो ठरवला, नवी वल्ही सांगितली. सगळं एका कागदावर टाइप केलं. बैठकीत हा कागद मी वाचणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि जगूशेठ बघत राहणार. त्या विचाराने मला आठवडाभर झोपही छान लागली.

रविवारी साडेआठलाच मी बंगल्यावर गेलो. कागद आधी त्याला एकट्याला दाखवायचा म्हणून. सभेत त्याने ऐन वेळी काही खुसपट काढू नये, इतकाच हेतू. दार उघडं होतं. आम्ही नेहमी अंगणात बसायचो, त्यामुळे घरात मी कधी शिरलो नव्हतो. हॉलमधल्या सोफ्यांवर चादरी टाकलेल्या. जिन्याच्या तोंडाशी खोकी रचून ठेवलेली, म्हणजे वर कोणी जात नसावं. आतून थापण्याचा आवाज येत होता.

स्वयंपाकघरात जगूशेठ भाकऱ्या थापत होता. कोपरापर्यंत पीठ. एका शेगडीवर तवा, दुसरीवर कोळंबी, आणि बिरड्याचं पातेलं लांब खिडकीत वेगळं, त्यात वेगळा डाव. मिठाच्या बरणीला मोबाइल टेकवलेला आणि त्यात त्याची बायको. ती तीन वर्षांपूर्वी नीलेशच्या मुलाला सांभाळायला म्हणून ठाण्याला गेली, हे आम्हाला माहीत होतं. जगूशेठ नेहमी सांगायचा, थोड्या दिवसांसाठी गेलीय.

ती विचारत होती, आज किती जण. तो म्हणाला, बारा. कुलकर्णी येणार का, सावंतांची मिसेस येणार का, भाकऱ्या किती झाल्या, कालवणात कोकम टाकलं का, असं ती एकेक विचारत होती आणि तो तव्यावरची नजर न हलवता उत्तरं देत होता. मग पलीकडे मूल रडलं. ती म्हणाली, "ठेवते, नंतर करते," आणि फोन बंद झाला. जगूशेठने त्या काळ्या पडद्याकडे बघत हातातली भाकरी पूर्ण थापली.

मला बघून तो ओशाळला. बाई नाही का ठेवली, असं मी विचारलं.

"बाई ठेवली तर मालकीनीला काय सांगू," तो म्हणाला. "एरवी फोन केला का मालकीन दोन शब्द बोलते नि ठेवते. तिला तिथं लय काम. पन रविवारी इतकी मानसं यायची असली का सगलं इचारते. कोन येनार, काय केलं, पुरेल का. अर्धा-अर्धा तास बोलते."

मी कागद पुढे केला. का केला कुणास ठाऊक, हातात होता म्हणून केला. त्याने पीठ झटकून तो घेतला, खिडकीशी नेऊन सावकाश वाचला. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढेल. काढावी, असंही वाटलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "सगल्यांचे वार बगितलेत तुमी. मना नसतं जमलं."

कागद परत माझ्या हातात देऊन तो तव्याकडे वळला. भाकरी उलटली. मग पाठमोराच म्हणाला, "नदीवरून आल्यावर मंग फुडच्या रविवारी कशाला येल कोन."

त्याने विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यावर नव्हती. तरी मी तिथे उभा राहिलो. चार महिने ज्या माणसाच्या गर्दीवर मी जळत होतो, त्याची सगळी गर्दी आठवड्यातून तीन तासांची होती, आणि ती जमावी म्हणून तो पहाटे उठून बारा माणसांच्या भाकऱ्या थापत होता. माझ्या घरी सुलभा तरी होती, माझ्या पिशवीला नावं ठेवायला. मला स्वतःची लाज वाटली. मी ताटं पुसून ठेवली आणि घरी आलो.

अकराला सगळे जमले. सावंतांनी तारीख काढलीय ही बातमी टेम्पोवाल्याकडून फुटली होती, त्यामुळे उत्साह दांडगा. कुलकर्णी गळ घेऊनच आले होते. जगूशेठ ओट्यावर शांत बसला होता आणि म्हणाला, "सेक्रेटरी बोलतील."

मी उभा राहिलो. कागद खिशात होता. मी म्हटलं की तारीख बघितली होती, पण माझी एक हरकत आहे. या होड्या तीन वर्षं उन्हात पडून आहेत. प्लास्टिकला चीर गेली असेल तर ती वरून दिसत नाही. एकेक होडी पाण्याने भरून, दिवसभर ठेवून, कुठे पाझरते ते बघितल्याशिवाय मी सोसायटीच्या माणसांना नदीत उतरू देणार नाही. टाकीत पाणी यायची वेळ बघता एका रविवारी एकच होडी भरता येईल. होड्या सहा आहेत.

अंगणात कुरकुर उठली. कोणी म्हणालं, सहा रविवार म्हणजे पुढे होळी येईल, मग उन्हाळा, नदीला पाणी कुठे राहणार. कोणी म्हणालं, चीर बघायला सहा रविवार कशाला, सहा मिनिटं पुरतात. सुलभा माझ्याकडे अशी बघत होती की घरी गेल्यावर काय होणार ते मला कळलं. मी सेक्रेटरीचा आवाज काढून म्हटलं, नियम म्हणजे नियम. जगूशेठ उठून आत गेला, बराच वेळ आला नाही, आणि आला तो भाकऱ्यांची टोपली घेऊन. माझ्या ताटात त्याने न विचारता दोन भाकऱ्या वाढल्या.

जेवणं झाल्यावर फाटकाशी कुलकर्ण्यांनी मला गाठलं. गळ अजून काखेत होता. मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सावंत, राग मानू नका," ते म्हणाले. "पण तुम्हाला त्या माणसाचं चांगलं झालेलं बघवत नाही."

मी म्हटलं, "हो, नाही बघवत." चार महिने ते खरं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज ते खरं नाही हे सांगायचं, तर मला त्यांना ते स्वयंपाकघर दाखवावं लागलं असतं.