गोविंदरावांचा बेस कॅम्प

“तुम्ही हिमालयात जाणार?” इंदिराबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं. “इगतपुरीच्या रिसॉर्टवर पाल दिसली म्हणून रात्रभर पलंगावर उभे होतात तुम्ही.”

“पाल नव्हती ती, सरडा होता,” गोविंदराव म्हणाले.

गोविंदराव गायधनी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी विमानं जोडली, पण स्वतः वर गेले ते फार तर गोदातारा अपार्टमेंटच्या चौथ्या मजल्यावर, आपल्या फ्लॅटपर्यंत. आता त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलाने, आल्हादने, ट्रेकिंगची कंपनी काढली होती आणि हिमाचलच्या एकाच ट्रिपमध्ये देवदाराचं जंगल, राफ्टिंगची नदी, मेंढ्यांची कुरणं आणि वर बर्फ असं सगळं दाखवायचं कबूल केलं होतं. शेवटची एक जागा उरली होती. ती गोविंदरावांनी पकडली, आणि मग बायकोला सांगितलं. हा क्रम चुकला, हे त्यांना मेथी निवडण्याच्या वेगावरूनच कळायला हवं होतं.

“ठीक आहे,” इंदिराबाई म्हणाल्या. “शनिवार आणि रविवार, दोन रात्री खाली तंबूत राहून दाखवा. सोमवार उजाडायच्या आत घरात पाऊल टाकलंत, तर मी स्वतः आल्हादला फोन करून तुमची जागा रद्द करीन.”

गोविंदरावांनी अट मान्य केली. सामान सगळं आणून ठेवलेलंच होतं. भगव्या रंगाचा तंबू, बर्फात चालणारी झोपायची पिशवी, पिसांचं जाकीट, कपाळावर बांधायचा दिवा, शिट्टी आणि पाठीवर अडकवायची पाण्याची पिशवी. त्या पिशवीला एक नळी होती. चालता चालता तोंडात धरून पाणी ओढायचं. पुढे जे काही झालं त्यात या नळीचा वाटा मोठा आहे.

गच्चीवर टाकी गळून तळं झालं होतं. खाली अंगणात पेव्हर ब्लॉक, त्यात तंबूचे खुंटे जाईनात. तेव्हा गोविंदरावांनी डोकं चालवलं. एक दोरी गेटला बांधली, दुसरी गेटशेजारच्या सूचनाफलकाच्या खांबाला, आणि तंबू ताठ उभा राहिला. फलकावर सेक्रेटरी ललित बागूलने दिवाळीत लिहिलेली सूचना तशीच होती. ‘लिफ्ट बंद आहे. सहकार्य करावे.’ आता मे महिना निम्मा झाला होता. रहिवासी सहकार्य करत होते आणि लिफ्ट बंद होती.

म्हणजे रस्त्यावरून दिसत होतं ते असं: वर ‘लिफ्ट बंद आहे’, खाली भगवा तंबू आणि तंबूच्या तोंडाशी मांडी घालून बसलेला, उन्हाने काळवंडलेला एक ज्येष्ठ नागरिक. नाशिकच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात अशा माणसाला कुणी गिर्यारोहक म्हणणार नाही.

शनिवारी सकाळी पहिल्यांदा आल्या मंगलाबाई. पाचही मजल्यांची भांडी त्यांच्याकडे, त्यामुळे जिन्यावर त्यांचा राग सगळ्यांत जास्त. त्यांनी चपला बाजूला काढल्या आणि वाकून नमस्कार केला.

“बरं केलं साहेब. कुणीतरी बसलं एकदाचं.”

“हो, आता सोमवारपर्यंत बसणार,” गोविंदराव खुषीत म्हणाले.

“अन् खाणं?”

“छे, खाण्याचं काही नाही. नुसतं पाणी लागतं भरपूर.”

उंचीवर भूक मरते, असं आल्हादने सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात होतं. मंगलाबाईंच्या डोक्यात काय होतं ते त्यांनी पहिल्या मजल्यावर सांगितलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत साहेबांनी प्राण गेला तरी बेहत्तर अशी शपथ घेतली होती.

थोड्या वेळात ललित धापा टाकत खाली आला.

“काका, उपोषण? अहो, माझ्याशी बोलायचं ना! पार्ट मागवलाय मी.”

“कसलं उपोषण? अरे, मी हिमालयात चाललोय. त्याची तयारी करतोय.”

ललितचा चेहरा उतरला. “हिमालयात? लिफ्टसाठी? काका, भरला संसार आहे तुमचा. काकूंना सांगितलंय?”

“तिच्याच अटीवर बसलोय.”

“म्हणजे घरातून काढलं?” ललित मटकन फलकाच्या खांबाला टेकला, आणि तंबू एका बाजूला कलला.

गोविंदराव सगळं पहिल्यापासून समजावून सांगणार, एवढ्यात पाचव्या मजल्यावरून हाक आली. गॅलरीत रोशनबी उभ्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यात लिफ्ट बंद. मुलाने, मुस्तकीमने, एकदा त्यांना उचलून खाली आणायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्या मजल्यावर त्याचीच कंबर धरली आणि आईलाच त्याला धरून वर न्यावं लागलं.

“गोविंदभाऊ!” त्या वरून ओरडल्या. “माझ्यासाठी बसले ना तुम्ही? अल्ला तुम्हाला सलामत ठेवो! दिवाळीपासून जमिनीला पाय नाय लागला माझा. ईदलासुद्धा गॅलरीतूनच बघत बसले मी. सख्ख्या भावाने केलं नसतं हो!”

आणि त्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

आता यावर ‘नाही हो, मी मजेसाठी बसलोय’ असं कोण म्हणेल? गोविंदरावांना खरोखर वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. गेले कित्येक महिने आपण या बाईच्या दारावरून गच्चीत जातो-येतो, आणि आपल्याला हे सुचलं नाही. त्यांनी वर बघून मुकाट्याने हात जोडले. झालं. ते हात जोडले आणि उपोषण अधिकृत झालं.

दुपारी इंदिराबाई खाली आल्या, रिकाम्या हातांनी.

“डबा?” गोविंदराव कुजबुजले.

“डबा कसला? सगळ्या गॅलऱ्या बघतायत. रोशनबींनी तर तुमच्यासाठी रोजा धरलाय आज. घरी येता का? या. मी फोन जवळच ठेवलाय.”

“मी नाही येणार.”

“मग बसा,” असं म्हणून त्या निघाल्या. दोन पायऱ्या चढून परत वळल्या आणि हळूच म्हणाल्या, “जाकिटाच्या आतल्या खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवलीय.”

गोविंदरावांनी तंबूची चेन आतून लावून घेतली आणि तापलेल्या तंबूत पिसांच्या जाकिटात तोंड खुपसून चिक्की खायला घेतली. बाहेर वॉचमन सहादू राखण करत होता. आतून कुरकुर, कटकट असा आवाज यायला लागल्यावर तो घाबरला आणि ललितकडे पळाला.

“साहेबांना थंडी भरलीया. दातावर दात वाजत्यात. एवढ्या उन्हात जाकीट घातलंय, लय वंगाळ दिसतंय.”

पाठोपाठ लोकांनी चेन उघडून बघितलं. गोविंदराव घामाने निथळत, तोंडात नळी धरून आडवे पडले होते. चिक्की घशात अडकली होती म्हणून ते पाणी ओढत होते. पण बघणाऱ्याने नळी बघितली, नळीच्या टोकाला पिशवी बघितली आणि कॉलनीभर झालं, गायधनी काका सलाईनवर गेले.

सलाईनची बातमी कुंदनभाऊंकडे पोचली. कुंदनभाऊ हे पाथर्डी फाट्यापासून पुढच्या प्रत्येक चौकातल्या फलकावर ‘भावी नगरसेवक’ म्हणून हसत उभे असत. प्रत्यक्षात ते रविवारी सकाळी आले, हसत नव्हते.

“काका, तुम्ही माझ्या वॉर्डात मरायचं नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळच्या आत लिफ्ट चालू होईल. शब्द आहे कुंदनचा.”

रविवारी लिफ्टचा माणूस कुठून मिळणार? पण कुंदनभाऊंच्या सासुरवाडीला, चांदवडला, विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणारा एक हुशार माणूस होता. त्याला गाडीत घालून आणलं. त्याने लिफ्टच्या खोलीत डोकावून बघितलं आणि मान हलवली.

“विहीर काय अन् लिफ्ट काय. वर ओढायचंच हे ना?”

दुपार कलायच्या आत लिफ्ट घरघरली आणि हलली. ती लगेच पाचव्या मजल्यावर पाठवली. थोड्या वेळाने जाळीचा दरवाजा सरकला आणि ठेवणीतली साडी नेसून, अत्तर लावून, रोशनबी खाली उतरल्या. त्यांनी चप्पल काढली आणि पेव्हर ब्लॉकवर अनवाणी दोन पावलं टाकली. गोविंदरावांना रडू आलं.

इथे गोष्ट संपवायला हवी होती. पण कुंदनभाऊंनी फोटोग्राफर आणला होता आणि त्याला नुसत्या रोशनबींवर सोडणं शक्य नव्हतं.

“मोसंबीचा ज्यूस लिफ्टमध्येच पाजायचा!” त्यांनी जाहीर केलं. “लिफ्ट वर चाललीय, काका ज्यूस पितायत, मी पाजतोय. काय फोटो होईल!”

“मी वर येणार नाही,” गोविंदराव ओरडले. “घरी नेऊ नका मला! सोमवारपर्यंत नाही!”

“बघा, किती निष्ठा!” कुंदनभाऊ म्हणाले आणि चौघांनी त्यांना जाकीट, दिवा, नळी यांसह उचललं. चार माणसांच्या लिफ्टमध्ये गोविंदराव, कुंदनभाऊ, ललित, फोटोग्राफर, ढोलवाला आणि ढोल एवढे मावले. ढोलवाल्याला कुणी बोलावलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. नाशिकमध्ये गर्दी झाली की ढोल आपोआप येतो.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंत नीट गेली. मग तिने एक उसासा टाकला आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मधे ती थांबली. दिवा गेला. ज्यूस ललितच्या शर्टावर गेला.

“ढोल वाजव! खाली कळू दे!” कुंदनभाऊ ओरडले.

ढोलवाल्याने जीव खाऊन ढोल बडवला. गोविंदरावांनी संकटाची शिट्टी फुंकली. खालच्या लोकांना वाटलं, वर जल्लोष चाललाय, म्हणून तेही नाचायला लागले. वरच्यांनी जितकं जोरात वाजवावं, तितका खाली नाच रंगावा. शेवटी ढोलवाला थकला तेव्हा खालून ‘वन्स मोअर’ आला.

खरी बातमी कळेपर्यंत चांदवडचा माणूस कुणाच्या तरी हळदीला निघून गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

“फायर ब्रिगेडला बोलवू का?” ललितने रडवेल्या आवाजात विचारलं.

“खबरदार!” कुंदनभाऊ म्हणाले. “उद्या पेपरात कुंदनभाऊ लटकले असं येईल. सकाळपर्यंत थांबू.”

इंदिराबाई चौथ्या मजल्यावरच्या जाळीतून वाकून बघत होत्या. त्यांना फक्त डोकी दिसत होती.

“अहो, घरात आलात का?”

“नाही, अजून सात-आठ फूट बाकी आहेत,” गोविंदरावांनी खालून सांगितलं.

आणि मग गोविंदरावांनी सूत्रं हातात घेतली. अंधार होता, तर दिवा त्यांच्याच कपाळावर होता. तहान लागली, तर नळी त्यांच्याकडेच होती. त्यांनी बसायच्या पाळ्या लावल्या, ढोलाची उशी केली, फोटोग्राफरला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. शेवटी त्यांनी आतल्या खिशातून उरलेली चिक्की काढली.

“काका,” कुंदनभाऊ अवाक झाले, “उपोषणात चिक्की?”

“परत ठेवू का?”

“नको, नको! मोठा तुकडा इकडे द्या.”

खरं सांगायचं तर गोविंदराव आयुष्यात इतके खूष कधीच नव्हते. त्यांना वाटलं, बर्फाच्या वादळात अडकलेल्या तंबूचा आपण पुढारी आहोत. ललित त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलासुद्धा.

सकाळी हळदीने पिवळा झालेला चांदवडचा माणूस आला आणि त्याने लिफ्ट खाली सोडली. गोविंदराव छाती काढून बाहेर पडले. तेवढ्यात तंबूची चेन आतून उघडली आणि आधी इंदिराबाई, मग त्यांच्या हाताला धरून रोशनबी बाहेर आल्या.

“जिना चढवेना मला,” रोशनबी म्हणाल्या. “मग इंदिरा म्हणाली, मी पण थांबते सोबतीला. काय झोप लागली! ना पंख्याची खटखट, ना कुणाचं घोरणं!”

“ऐक,” गोविंदराव अधीर होऊन म्हणाले, “मी घरात पाऊल टाकलं नाही. अट पुरी झाली!”

“झाली ना,” इंदिराबाई केस सारखे करत म्हणाल्या. “एक रात्र तंबूत तुम्ही काढली, दुसरी मी. म्हणून उजाडल्याबरोबर आल्हादला फोन केला. जागा एकच होती. तिच्यावर माझं नाव घातलंय.”

“तुझं? अगं, आणि मी?”

“तुमचा हिमालय तर लिफ्टमध्ये झाला की. इथूनच दिसतंय किती मजा आली ते. चला रोशनबी, गंगेवर एक चक्कर मारून येऊ. किती दिवसांत गेला नाहीत तुम्ही.”

आणि घराची किल्ली कमरेला खोचून, रोशनबींना रिक्षात घालून त्या गोदावरीकडे गेल्यासुद्धा.

गोविंदराव फलकाखाली उभे राहिले. मग ते तंबूच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

मंगलाबाई कामावर आल्या, त्यांनी चपला काढल्या.

“लिफ्ट झाली की. आता कशापायी बसलं साहेब?”

“बाई हिमालयात नेत नाय म्हून,” सहादूने सांगितलं.

गोविंदरावांनी नाकारलं नाही. चिक्की संपली होती आणि पोटात खरोखर कावळे ओरडत होते. मंगलाबाई पहिल्या मजल्याकडे निघाल्या, मग दुसऱ्या. दोघी गंगेवरून परतल्या तेव्हा गेटपाशी चांगली गर्दी होती. रोशनबींनी चौकशी केली, आणि क्षणाचाही विचार न करता, सहादूच्या खांद्याचा आधार घेत, त्या गोविंदरावांच्या शेजारी तंबूत बसल्या.

“भाऊ माझ्यासाठी बसले होते,” त्या म्हणाल्या. “आता मी भाऊसाठी बसते.”

कोपऱ्यावरून कुंदनभाऊ मोसंबीचा ग्लास घेऊन धावत येताना दिसले. इंदिराबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं, ग्लास काढून घेतला आणि तिथेच उभ्या राहून स्वतः पिऊन टाकला.

“बसू दे त्यांना,” त्या म्हणाल्या. “ज्यूस मीच पाजीन. हिमालयातून आल्यावर.”