खानविलकरांची पाच फाटकं

रविवारी सकाळी सात वाजता, सिंगापुरात हौगांगमधल्या आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानात, अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ सायकलवरून उतरतात. लोकरी कानटोपी, त्यावर हेल्मेट, अंगात स्वेटर. हवेतली खिट्टी काढतात, हवेतलं फाटक पाठीने रेटून धरतात आणि मला म्हणतात, "या व्याहीबुवा, पुढे व्हा." मी सायकल चालवत पुढे होतो. मग ते फाटक लावतात, खिट्टी सरकवतात आणि ती नीट बसली की नाही हे एकदा हलवून बघतात. तिथून आम्ही पुढच्या फाटकाकडे. अशी पाच फाटकं आहेत. म्हणजे एकही नाही.

हे खानविलकर काका. अकराव्या मजल्यावर राहतात, एका शिपिंग कंपनीत फायनान्स मॅनेजर आहेत, वीस वर्षं सिंगापुरात काढून मूळच्या सावंतवाडीइतकेच सिंगापूरचे झालेत. मी त्यांचा व्याही नाही. मी एकतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, एम्प्लॉयमेंट पासवरचा अविवाहित इंजिनियर. पण सुधाकाकू दर रविवारी कोंबडी-वडे करतात, आणि आठवडाभर पाकिटातल्या नूडल्स खाणारा माणूस कोंबडी-वड्यांसाठी कोणाचाही व्याही व्हायला तयार होतो.

खरे व्याहीबुवा इंग्लंडात. खानविलकरांची एकुलती एक मंजिरी तिकडे शिकायला गेली आणि तिथल्याच मुलाशी लग्न करून राहिली. मुलाचे वडील निवृत्त शाळामास्तर. त्यांचं एक दिवस पत्र आलं, सोबत मासिकातून कापलेलं एक पान. पानावर नकाशा, नकाशात तांबडी रेघ. खडूच्या टेकड्या आणि रान यांतून, गुरांसाठी घातलेली पाच फाटकं उघडत जाणारी चौदा मैलांची सायकलफेरी. दर रविवारी मी, मुलगा आणि मंजिरी जातो, सप्टेंबरात आपणही यावं, फेरी 'मॉडरेट' आहे, असं त्यांनी लिहिलं होतं.

तिकडे म्हणे डोंगरच खडूचे. आपल्याकडे मास्तर खडू झिजवतात, तिकडे खडू मास्तरांना झिजवतो.

पण खानविलकरांचं लक्ष अडकलं ते 'मॉडरेट'वर.

"निखिल, इंग्रज माणूस कसा बोलतो ठाऊक आहे ना? छप्पर उडून गेलं तर म्हणतो, जरा वारा आहे. पाय मोडला तर म्हणतो, किंचित गैरसोय झाली. असा माणूस जेव्हा मॉडरेट म्हणतो..."

"तेव्हा?"

"तेव्हा तो हिमालय असतो."

त्या दिवसापासून त्यांनी शब्द उचलला तो उचललाच. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, मिरचीची चटणी खाऊन डोळ्यांतून नळ सुटला तरी "मॉडरेट आहे हो." दाढ उपटून आले, "मॉडरेट." ऑफिसात त्यांच्या डोक्यावरून एक पोरगेला साहेब आणून बसवला, त्याचं वर्णन "मॉडरेट."

आणि तयारी सुरू झाली. अट एकच : चढावर सायकलवरून उतरायचं नाही.

"आपण मुलीकडचे. मुलीकडचे म्हणून व्याह्यांसमोर सायकल ढकलत जायचं? माझ्या सात पिढ्या खाली मान घालतील."

"काका, तुमच्या सात पिढ्यांत सायकल कोणाकडे होती?"

"म्हणूनच तर! पहिल्यांदाच वर बघायची वेळ आलीय त्यांच्यावर."

आता सिंगापुरात चढ आणायचा कुठून? हौगांग पोळपाटासारखं सपाट. देशातला सगळ्यात उंच डोंगर बुकित तिमाह, त्याला आमची पर्वतीसुद्धा 'ये बाळ' म्हणून कडेवर घेईल. खानविलकरांनी तोडगा काढला. रान बुकित तिमाहचं, टेकड्या कार पार्कच्या. आमचा कार पार्क सात मजली. गोल गोल रॅम्पने वर जायचं, गोल गोल खाली यायचं, असं तीनदा. झाल्या लाटांसारख्या टेकड्या. मग मोटारीत सायकली घालून बुकित तिमाहच्या सायकलवाटेवर. तिथे तांबडी माती, झाडांची मुळं आणि माकडं. बत्तीस डिग्रीत कानटोपी घातलेला माणूस पाहून पहिल्या दिवशी माकडं दोन्ही बाजूंना ओळीने बसली होती. पंगत वाढायला घेतल्यासारखी. कानटोपी का, तर इंग्लंडच्या थंडीची सवय.

पुढे त्यांनी मासिकाच्या त्या पानावर वाचलं की ओला खडू फार निसरडा असतो. दुसऱ्याच दिवशी स्टेशनरीच्या दुकानातले चाळीस डबे खडू घरी आले. सुधाकाकूंच्या मिक्सरमध्ये त्यांची पूड झाली. (त्यानंतर महिनाभर त्या घरातल्या चटणीला शाळेचा वास येत असे.) ती पूड पाचव्या मजल्याच्या रॅम्पवर पसरली, वर बादलीभर पाणी. खानविलकर खालून दात-ओठ खात आले, खडूवर चढले, आणि मी देवाशपथ सांगतो, ज्या वेगाने वर आले त्याच्या दुप्पट वेगाने उलटे, माझ्याकडे तोंड करून, गंभीर चेहऱ्याने चौथ्या मजल्यावर परत गेले.

तेवढ्यात झाडलोट करणारी चिनी आजी उगवली.

"अंकल! व्हाय यू पेंट द कार पार्क?"

"आंटी," खानविलकर खाली बसल्या बसल्या म्हणाले, "धिस इज इंग्लंड."

आजीने रॅम्पकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, कानटोपीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "इंग्लंड ऑल्सो मस्ट मॉप, लाह!" असं म्हणून तिने दोन मॉप आमच्या हातात दिले. त्या दिवशी आम्ही दोघांनी दुपारपर्यंत इंग्लंड पुसून काढलं.

सातव्या मजल्यावर व्याहीभेटीची तालीम. दोन्हीकडच्या बापांची ती रीतसर गळाभेट टेकडीच्या माथ्यावर व्हायची होती. मी वर जाऊन हात पसरून उभं राहायचं आणि "लव्हली डे" म्हणायचं. त्यांनी सायकलवरूनच वर यायचं, ऐटीत उतरायचं, पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात द्यायचा आणि मला मिठी मारायची. धाप अजिबात लागता कामा नये. मोटारीत बसायला आलेली कुटुंबं आम्हाला बघून पुन्हा लिफ्टमध्ये शिरत. पण खरी अडचण वेगळी होती. खानविलकर दर वेळी पाचव्या मजल्यावर पाय टेकत. मी वर हात पसरून उभा, आणि खालून आवाज येई, "व्याहीबुवा, पाच मिनिटं!"

एकच गोष्ट मला कळत नव्हती. फाटकातून मी पार झालो तरी ते धरूनच उभे राहत.

"काका, आलो मी."

"थांबा हो. मागून कोणी येत असेल."

मी मागे बघत असे. मागे एक साळुंकी.

निघायच्या आधीच्या रविवारी ते सहाव्या मजल्यापर्यंत पोचले आणि तिथे पाय टेकून हँडलकडे बघत बसले. मग म्हणाले, "तू घरी जा. काकू वाट बघत असेल." मी एकटाच त्यांच्या घरी गेलो.

सुधाकाकू वडे तळत होत्या. मी म्हटलं, "काकू, एक मजला राहिला तर एवढं काय मनाला लावून घेतात? उतरले चढावर तर उतरले."

"तुला सांगितलं नाही ना त्यांनी?" काकूंनी वडा उलटला. "मंजूच्या लग्नाला गेले नव्हते हे. तिकडचा मुलगा म्हणून रुसले. मला म्हणाले, ऑफिसात इयर-एंड आहे. ऑक्टोबरात!"

"मग?"

"मग काय, मी एकटी गेले. मंजूने त्या मास्तरांना सगळं शिकवून ठेवलेलं. व्याहीभेटीला ते बिचारे हात पसरून उभे. म्हणाले, मंजिरीचे वडील? मंजू माझ्याकडे बघायला लागली. मी आपलं म्हटलं, मागून येतायत." त्यांनी वडा झाऱ्यावर निथळत धरला. "तीन वर्षं झाली. ते पत्र वाच, फ्रिजवर लावलंय. शेवटची ओळ वाच."

मास्तरांचं अक्षर फळ्यावरच्यासारखं सुबक होतं. लिहिलं होतं : वाटेत पाच फाटकं आहेत. दर वेळी मंजिरी उतरते, उघडते, आणि आम्ही सगळे पुढे गेलो तरी ती धरून उभी राहते. का, ते आम्ही तिला विचारत नाही.

बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला. खानविलकर आत आले, कानटोपी काढली, पिळली, आणि म्हणाले, "व्याहीबुवा, वडे मॉडरेट झालेत का?" मी नुसती मान हलवली. तोंडात वडा होता हे बरं झालं.

सप्टेंबरात दोघं गेले. पुढच्या रविवारी रात्री इंग्लंडहून फोन.

"निखिल, मी बोलतोय. चढ झाला."

"न उतरता?"

"उतरलो. अर्ध्यावर उतरलो. मान खाली घालून ढकलत निघालो तर शेजारी व्याहीबुवा. तेही ढकलतायत! म्हणाले, मी इथे नेहमीच उतरतो, उतरल्याशिवाय का कोणी वर जातं?"

"आणि व्याहीभेट?"

"झाली. दोघांनाही अशी धाप लागली होती की कोण कोणाला धरतंय कळेना. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. ते म्हणाले लव्हली डे. अरे, पाऊस पडत होता."

मी हसलो. मग विचारलं, "फाटकं?"

 

"पहिलं तिने धरलं," ते म्हणाले. "व्याहीबुवा गेले. जावई गेला. काकू मोटारीत होती. मी सगळ्यात मागे होतो... मी आत गेलो, तेव्हा तिने लावलं. पुढची चार मी उघडली. तिला उतरू नाही दिलं."

मग सवयीने जे आलं तोंडात ते बोललो.

"एकंदरीत मॉडरेट होतं म्हणा की."

"छे," खानविलकर म्हणाले. "फार होतं रे. फार."