एकास दोन

"सून एकास दोननं आली ते रीतीप्रमाणेच झालं, पण हिचा आवाज एकास दहा हजारनं काढलाय की काय?" कुमुदआत्या स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंना म्हणाल्या. मी दाराबाहेर चपलांच्या मांडणीमागे होते. निम्म्या आकाराचं माणूस तिथे सहज मावतं.

माझ्या सासरी माप ओलांडलं की नवी सून निम्मी होते. तांदूळ सांडले आणि पाच फूट दोन इंचांची मी दोन फूट सात इंचांची झाले. शालू, हिरवा चुडा, नाक, सगळं त्याच प्रमाणात. कुठे काही वाकडं नाही. "आकृती समरूप आहे, काळजी नको," माझा नवरा पराग म्हणाला आणि त्यानं गाडीतली बॅग माझ्याकडे दिली. बॅग पूर्ण मापाची होती.

तीन महिन्यांनी सासरे तालुक्याच्या कचेरीत वाढीचा अर्ज देतात आणि सून मोठी होते. मात्र एकदा वाढ मिळाली की त्या माणसाला पुढची तीस वर्षं अर्ज करता येत नाही. आमचे बाबा, म्हणजे सासरे, जन्मभर जमिनी मोजून निवृत्त झालेले. अर्जाचा छापील कागदही जमिनीचाच. त्यात उंचीचा रकाना नाही, फक्त क्षेत्रफळाचा.

"निम्मी आहे ना? मग दुप्पट लिहायचं," बाबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी, अण्णांनी, हिच्या वेळीही दुप्पटच लिहिलं होतं."

'हिच्या' म्हणजे माझ्या सासूबाईंच्या. आई तीन फूट आठ इंचांच्या आहेत. ओट्याशी पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटतात. वाढ त्यांच्या अंगी लागलीच नाही, असं घरात सगळे समजतात, आईसुद्धा. लग्नाआधी काढलेल्या त्यांच्या फोटोमागे मात्र शाईनं लिहिलंय: उंची पाच फूट दोन.

दुपारी आम्ही दोघी वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. परागच्या चादरीच्या जोडीतली माझी चादर माप ओलांडताना माझ्या काखेत होती, म्हणून माझ्याबरोबरच निम्मी झालेली. परागची मोठी चादर आम्ही उभी दुमडली, मग आडवी दुमडली, आणि ती माझ्या चादरीवर नेमकी बसली.

आईंनी कडेचे पदर मोजले. "अगं, चार भरले. निम्मीला चार कसे गं?"

मी नुसती हसले. नव्या सुनेनं सासऱ्यांची मोजणी चुकीची ठरवायची, तेही हळद उतरायच्या आत, हे मला जमण्यातलं नव्हतं. पण खोलीत जाऊन मी हिशेब मांडला. उंची निम्मी, रुंदीही निम्मी, म्हणजे क्षेत्रफळ चौथाई. चौथाईचं दुप्पट केलं तर अर्धंच होतं. त्यावरून उंची काढली. तीन फूट आठ इंच आली. बाहेर येऊन मी ओट्याजवळच्या पाटाकडे पाहिलं. दोघींना पुरेल एवढा तो रुंद नव्हता.

अर्जाच्या दिवशी सकाळी बाबा चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. आत्या शेंगा सोलत होत्या.

"तिला विचारा तरी, काही सांगायचंय का," आत्या म्हणाल्या. "कान जवळ न्यावा लागेल म्हणा."

"आत्या, पुरे," पराग म्हणाला.

"तिचं काय विचारायचंय? आकडा ठरलेला आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी क्षेत्रफळाच्या रकान्यात 'दु' लिहिला.

मी खुर्चीवर चढले, खुर्चीवरून टेबलावर. कागदाच्या कडेला पाय ठेवला. आई पोळी तव्यावर तशीच सोडून पाटावरून वळल्या. माझा आवाज एकास एकनं निघाला.

"बाबा, हा 'दु' खोडू नका. हा अर्ज आईंच्या नावानं करा, त्यांची तीस वर्षं चैत्रातच भरलीत. माझ्यासाठी दुसरा कागद घ्या, आणि त्यावर चौपट लिहा."