प्रभारी छप्पर

आमच्या घराचं छप्पर गेल्या वैशाखात नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालं. यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. घाटावर कोरड्या हवेत छप्पर आरामात दोन पिढ्या नोकरी करतं. आमचं गाव पडलं खाडीकाठचं. इथे उकाडा आणि दमटपणा असा की एका वर्षाची सेवा दीड वर्षाची धरतात. खारी हवा खिळे खाते, वाळवी वासे खाते, उरलंसुरलं शेवाळ खातं. पत्रा चतुर्थ श्रेणीतला, तो तर कायम व्हायच्या आधीच गंजतो. कौलारू छपरं तृतीय श्रेणीत. स्लॅब तेवढा राजपत्रित. तो आतून फुगतो, पोपडे टाकतो, भर दुपारी ताटात सिमेंट वाढतो, पण निवृत्तीचं नाव काढत नाही, आणि विचारायला जावं तर तुमच्याच भिंतींना नावं ठेवतो.

माझं भांडण निवृत्तीशी नव्हतं, वेळेशी होतं. मुलगी कल्याणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि दिवस भरत होते नेमके पावसाच्या तोंडावर. माझी बायको शालन छपराला अहो-जाहो करते, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा ते आधीपासून घरात होतं. तिने त्याला हात जोडून विनंती केली.

"अहो, एवढं बाळंतपण तरी निभावून न्या. मग कोण अडवतंय तुम्हाला?"

"सूनबाई, मला का वाईट वाटत नाही?" छप्पर म्हणालं. "पण नियमात बसत नाही. मुदतवाढीचा विषय मंत्रालयात पडून आहे. आणि खरं सांगू का, मी थकलंय."

झालं. 

अंगणात मांडव घालून निरोप समारंभ केला. प्रमुख पाहुण्या म्हणून तालुक्याच्या सहायक छप्पर अधिकारी खानविलकर मॅडम आल्या. शाल आढ्यापुरतीच पुरली. श्रीफळ ठेवलं की उतारावरून घरंगळायचं, पुन्हा ठेवायचं, पुन्हा फोटो. मग भाषणं. छप्पर किती मनमिळाऊ होतं, वेळेवर कसं हजर असायचं, कधी रजा म्हणून कशी घेतली नाही, वगैरे. माझी पाळी आली तेव्हा मला भरून आलं. मी माईक घट्ट धरला आणि म्हणालो, "छपरा, तू निश्चिंत मनाने जा. तुझ्यामागे आता या घराचं छप्पर मीच!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शालनने पदर डोळ्यांना लावला. आता मला सांगा, असं कोण बोलत नाही? निरोप समारंभात बोललेलं कोणी मनावर घेतं का?

दुसऱ्या दिवशी छप्पर उतरलं आणि घाटावर निघून गेलं. कोरडी हवा सांध्यांना बरी, असं म्हणालं होतं. पंधरवड्याच्या आतच कळलं की तिथे कुठल्याशा रिसॉर्टवर ते कंत्राटी पद्धतीने रुजू झालंय. पाहुणे त्याच्याखाली बसून सोलकढी पितात आणि अस्सल कोकणी म्हणून फोटो काढतात. आमच्याकडे थकवा, आणि तिकडे फोटोला उभं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मस्तकावर आणखी काही नव्हतंच.

अशातच कल्याणी आली. माजघरात खाटेवर पडून ती थेट आभाळाकडे बघायची. "बाबा," ती म्हणाली, "कावळे भिंतीवर बसून बघतात हो माझ्याकडे. मला कसंतरीच होतं." जावईबापूंनी फोनवर अगदी नम्रपणे सुचवलं की गैरसोय असेल तर चिपळूणला घेऊन जातो. शालन त्यांना गोड आवाजात "नको हो" म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळली. "पहिलं बाळंतपण सासरी झालं तर मी या गावात तोंड दाखवणार नाही. काय ते बघा तुम्ही."

मी तालुक्याला गेलो. भरती बंद होती. खानविलकर मॅडमनी मात्र सहानुभूती दाखवली आणि शेजारच्या पाटकरांच्या स्लॅबकडे आमच्या घराचा अतिरिक्त कार्यभार दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तो आमच्याकडे असायचा.

सोमवारी स्लॅब आला तोच धापा टाकत. घरावर बसला, डाळीत दोन पोपडे टाकले, चहा झाला का विचारलं आणि "जरा दौऱ्यावर जाऊन येतो" म्हणून जो गेला तो गेलाच. तेवढ्यात दिगंबर पाटकर फाटकातून ओरडत आत शिरला. एका हातात छत्री, छत्रीखाली त्याची म्हातारी आई.

"घनश्यामा, मेल्या, माझो स्लॅब तुझ्याकडे आणि माझे आवशीन उन्हात बसाचा?"

"अरे, तो माझ्याकडेही नाही!"

"मगे गेलो खंय?"

दोघांनाही ठाऊक नव्हतं. बुधवारी स्लॅबने वैद्यकीय रजा टाकली. कारण लिहिलं होतं, ओल.

आभाळ भरून यायला लागलं. समुद्राचा आवाज बदलला. शालन रोज सकाळी वर बघायची आणि मग माझ्याकडे बघायची, आणि दुसऱ्या बघण्याला मी जास्त भ्यायचो. शेवटी पुन्हा तालुका गाठला.

"मॅडम, मुलीचे दिवस भरलेत. काहीही द्या. ताडपत्री द्या. पण पद रिक्त ठेवू नका."

मॅडमनी चष्मा काढला. "तिरोडकर, तुमच्याकडचं पद रिक्त नाहीच मुळी. मी उगाच त्या स्लॅबला त्रास दिला, नंतर माझ्या लक्षात आलं. पदभार तुम्ही स्वीकारलाय. भरसभेत. मी होते ना तिथे, टाळ्यासुद्धा वाजवल्या."

"अहो, ती बोलायची पद्धत असते!"

"निरोपाची भाषणं शासन अत्यंत गांभीर्याने घेतं. नाहीतर एवढी ऐकायला कोण बसेल?"

"पण मी माणूस आहे."

"ती अडचण नाही. अनुभव सांगा. उन्हापावसात उभं राहणं, वरून बोलणी खाणं, सगळं ठीक असेल तेव्हा कोणी ढुंकूनही न बघणं. यातलं काय तुम्हाला नवीन आहे?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. नवीन काहीच नव्हतं.

"मग रुजू व्हा," मॅडम म्हणाल्या. "तूर्त प्रभारी."

घरी येऊन सांगितलं तेव्हा शालनला हायसं वाटलं. स्पष्ट दिसलं तसं तिच्या तोंडावर. "गोधडी घेऊन जा हो पोटाखाली," एवढंच म्हणाली, "भिंतीच्या कडा टोचतील." मी शिडी लावली, वर चढलो आणि पालथा पडलो. सुरुवातीला मी जेमतेम खाटेपुरता पुरलो. पण जबाबदारी पडली की माणूस पसरतो. संध्याकाळपर्यंत माजघर झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघर. पाटकर खाली उभा राहून सूचना करत होता, "पाय जरा पडवेर घाल रे!" पडवी काही जमली नाही. कंबर धरली होती.

खालून सगळं ऐकू येतं, हे मला माहीत नव्हतं. कल्याणी शालनला म्हणाली, "आई, बाबा पडले तर गं?" शालन म्हणाली, "नाही पडायचे. तू झोप." तीस वर्षांत माझ्याविषयी एवढं चांगलं ती कधी बोलली नव्हती. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आणि मग पाऊस कोसळला. दवाखान्याची गाडी खाडीपलीकडे अडकली. उपकेंद्रातल्या सिस्टर गुडघाभर पाण्यातून चालत आल्या, आणि दार लागलं. पाठीवर नुसती झोड उठली होती. वाऱ्याने माझा उजवा खांदा उचलला, तो मी हनुवटीने दाबून धरला. खाली पोर ओरडत होती आणि मला तिच्याजवळ जाता येत नव्हतं, कारण मी हललो असतो तर ती भिजली असती. एवढा असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. दात आवळले आणि पडून राहिलो.

दुपारी बाळ रडलं. नात! सिस्टरनी सांगितलेलं मी वरूनच ऐकलं. शालन हसत होती, कल्याणी रडत होती, पाटकरच्या म्हातारीने मिठाची चिमूट ओवाळली, चिपळूणला फोन गेला, जावईबापूंचं अभिनंदन झालं. वर कोणी बघितलं नाही. बरोबरच आहे, छपराला कोणी पेढा देतं का? पण माझे डोळे भरले ते भरलेच, आणि मग मला आवरेना.

"अगं बाई," खाली शालन एकदम म्हणाली, "बाळाच्या कपाळावर थेंब पडला. गळतंय वाटतं."

"इतक्या लवकर?" कल्याणी म्हणाली.

"हवाच तशी आहे ना आपल्याकडची," शालन म्हणाली, आणि खाट बाजूला सरकवून तिने माझ्याखाली एक पातेलं ठेवलं.