नाव घ्या, सूनबाई

टिल्लू डॉक्टर आमच्याकडे कधी रिकाम्या हाताने येत नाहीत. त्यांच्या कोटाच्या खिशात पंचिंग मशीन असतं. मी दार उघडायचं, त्यांनी बूट काढायचे आणि समोर दिसेल त्या कागदाला दोन भोकं पाडायची. कौन्सिलचं पत्र असो नाहीतर पिझ्झाची जाहिरात, त्यांना सगळे कागद सारखेच. "भोक नसलेला कागद हरवतो," असं त्यांचं ठाम मत आहे.

इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये माझ्या शेजारचं घर त्यांचं. जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत लोकांची हाडं जोडली, आता रिटायर झालेत आणि एकटे राहतात. मी त्यांच्या तावडीत सापडलो तो स्वतःच्याच मूर्खपणामुळे. साताऱ्याला लग्न करून अकरा दिवसांनी एकटाच परत आलो आणि कुंपणावरून सहज म्हणालो, "डॉक्टर, आता केतकीच्या स्पाउस व्हिसाचं बघायला हवं."

"म्हणजे फाईल करायची!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तेव्हाच घरात पळायला हवं होतं.

"हल्ली सगळं ऑनलाइन असतं हो. स्कॅन करून अपलोड करायचं."

"अपलोड करायचं म्हणून काय भोक पाडायचं नाही?"

दुसऱ्या दिवसापासून माझं डायनिंग टेबल त्यांचं झालं. आमचं लग्न खरं आहे हे सरकारला पटवायचं होतं, पण त्याआधी ते डॉक्टरांना पटवावं लागलं. मी लग्नाचे फोटो बाहेर काढले. पहिलाच त्यांनी बाजूला सारला.

"हा नको. यात नवरा-नवरीच्या मध्ये कापड आहे."

"डॉक्टर, अंतरपाट आहे तो."

"मला कळतं हो. ऑफिसरला काय कळणार? तो म्हणेल, यांनी एकमेकांना बघितलंच नाही."

दुसऱ्या फोटोत केतकीचे मामा तिच्या मागे उभे होते. ते का उभे आहेत, यावर मला इंग्रजीत अर्धं पान लिहावं लागलं. मग आमच्या फोनवरच्या गप्पांची पाळी आली. परक्या माणसासमोर बायकोचे मेसेज वाचून दाखवण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"मंगळवारी भांडण. बुधवारी काहीच नाही. ही गॅप कसली?"

"आम्ही बोलत नव्हतो."

"मग तसं लिहा की! भांडण म्हणजे उत्तम पुरावा. खोट्या लग्नात कोण कशाला भांडेल?" आणि त्यांनी आमच्या भांडणाला दोन भोकं पाडली.

हेही मी सोसलं असतं. पण त्यांना भलताच एक नाद होता. मी केतकीला व्हिडिओ कॉल लावला, की डॉक्टर माझ्या खांद्यावरून डोकं घालायचे.

"सूनबाई, नवऱ्याचं नाव घ्या."

केतकी साताऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती मला चारचौघांत निख्या म्हणते.

"निख्या!" ती म्हणाली.

"छे, छे! पूर्ण नाव. वडिलांचं, आडनावासकट."

"निखिल सुरेश बर्गे."

"जरा मोठ्यानं."

असं रोज. सात महिने लांब राहिलेली बायको दिवसातून वीस मिनिटं भेटायची, त्यातली पाच हा माणूस खायचा. केतकीला आधी गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग तीही चिडायला लागली. "व्हिसा येईपर्यंत माझा घसा बसेल," ती म्हणाली. तरी डॉक्टरांचं आपलं "जरा मोठ्यानं" चालूच.

शेवटी अर्ज गेला. पुण्याच्या सेंटरला बोटांचे ठसे द्यायला जाताना केतकीनं रिक्षातून फोन केला. ती घाबरली होती. अर्ज फेटाळला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि आणखी किती महिने कोण जाणे. मी तिला धीर देत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सूनबाई, एकदा नाव—"

माझा तोल गेला. "डॉक्टर, पुरे! तिथं फक्त ठसे आणि फोटो घेतात. तिला नाव कुणीही विचारणार नाहीये! आणि हे तुमचं लग्न नाही, माझं आहे!"

डॉक्टर दाराकडे वळले. बूट घालून निघून गेले. पंचिंग मशीन टेबलावरच राहिलं.

दोन दिवस ते फिरकले नाहीत. माझं मन मला खायला लागलं. तिसऱ्या दिवशी मशीन घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी किटली लावली आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले,

"मालतीला विचारलं होतं."

मालती म्हणजे त्यांची बायको. त्या गेल्यानंतर मी इथं राहायला आलो.

"लग्नानंतर नऊ दिवसांनी मी इकडे आलो. तिचा इंटरव्ह्यू मुंबईत झाला. ऑफिसरनं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? आता आमच्याकडे बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. स्तोत्र म्हणताना देवाचं तेच नाव आलं, की ती गप्प बसून पुढची ओळ धरायची. त्यानं तीनदा विचारलं. ती म्हणाली, लिहून देते. त्याला वाटलं, हिला आठवत नाहीये. नापास केलं."

"मग?"

"मग चौदा महिने. मी इथून रागानं पत्र लिहिलं, एवढं साधं नाव घेता येत नाही तुला? पण हे विचारतील असं मी तिला सांगितलंच नव्हतं हो. चूक माझी होती." ते थोडं थांबले. "इथं आली आणि हट्टानं नाव घ्यायला लागली. रोज सकाळी जिन्याखालून, रघुनाथ, चहा! सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आता मला सगळे डॉक्टरच म्हणतात."

मला त्यांची मनापासून माफी मागायची होती. मी नुसतं मशीन टेबलावर ठेवलं. त्या दिवशी केतकीला फोनवर सगळं सांगितलं.

व्हिसा आला. केतकी आली. दुसऱ्या सकाळी डॉक्टर हजर. सुनेला शुभेच्छा वगैरे नाहीच.

"ई-व्हिसाची प्रिंट काढलीत का?"

"डॉक्टर, ई-व्हिसा आहे तो!" मी पुन्हा वैतागलो. पण प्रिंट काढून ठेवली होती, कारण आता मलाही ती खोड लागली आहे. त्यांनी कागद मशीनमध्ये सरकवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून केतकीनं हाक मारली, "रघुनाथकाका, चहा!"

डॉक्टरांचा हात मशीनवर तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडेच बघत राहिले.

"सूनबाई," ते म्हणाले, "जरा मोठ्यानं."