स्टॉकपोर्टच्या रांगेची आणि सत्त्याऐंशी नंबराची हकीकत

जे घडले ते प्रथम आकाशीच्या पावसास ठाऊक, मग रांगेस ठाऊक, आणि त्याउपरी आम्हांस ठाऊक. कारण आम्ही खासा रांगेत एकेचाळिसावे होतो, गुडघा निकामी परंतु डोळा शाबूत. सबब येथे लिहिले ते अक्षरशः खरे, आणि जेथे खरे नाही तेथे खऱ्याहून बरे आहे, हे वाचणाराने ध्यानी धरावे.

उत्तर विलायतेत द वेट संडेज, म्हणजे ओले रविवार, म्हणोन वाद्यवृंद, असामी चार, उदय पावला. त्यांची पहिली तबकडी ऐकोन निम्म्या मुलुखाच्या पोरांनी गिटारी गळ्यात घातल्या आणि त्यांच्या आयांनी कपाळी हात लाविला, ऐसा दबदबा. त्यांचे गायक राजश्री ऑब्री थ्रेलफॉल, रडगाण्यांचे खावंद, अकरा वर्षे अज्ञातवासी गेले. फोन बाळगीत नाहीत, पत्रास उत्तर देत नाहीत. मग एकाएकी वर्तमान आले की नवी तबकडी सिद्ध जाहली आणि शनिवारी दिवसा अकरा वाजता स्टॉकपोर्ट मुक्कामी गॉर्डन प्लॅट यांचे तबकड्यांचे दुकानी स्वारी जातीने येऊन पहिल्या शंभर असामींस दस्तखत करोन देणार.

हे वर्तमान प्रथम छापिले ब्रेंडा एंटविसल या बाईंनी. वय एकसष्ट, चाकरी शाळेच्या भोजनखान्यात, परंतु खरी दौलत म्हणजे 'रविवारचा खलिता' हे चाहत्यांचे बातमीपत्र. तेहतीस वर्षे चालविले आणि खोटी ओळ एक छापिली नाही. त्यांचे प्रतिस्पर्धी ट्रेवर हार्डकासल, फोनवरील बातमीखान्याचे सरदार. यांजकडे बातमी सर्वांआधी येते आणि ती खरी की खोटी हे मागाहून सवडीने पाहिले जाते. त्यांनी भर दारूगुत्त्यात बाईंस डिवचिले, "ब्रेंडा, तो काही येत नाही. म्हातारी झालीस गं, आता बातमीचा वास येत नाही तुला."

बाईंनी ग्लास खाली ठेविला आणि सर्वांदेखत प्रतिज्ञा केली की शनिवारी ऑब्री न आल्यास खलिता त्याच दिवशी बंद, छापयंत्र भंगारात. गुत्त्यात कोणी बटाट्याचे काप खाईना.

आता चाहत्यांच्या या लष्कराचे दोन कायदे सांगणे अगत्य. एक पोशाखाचा. गायक पहिल्या जलशास मोहरीरंगी स्वेटर, जाड काळा चष्मा, कपाळावर केसांचा तुरा आणि खिशात आईने दिलेला रुबार्बचा आंबट तांबडा दांडा घेऊन आले होते. तेव्हापासोन चाहता तो तैसाच सजोन येतो. दुसरा कायदा रांगेचा. येईल त्याच्या मनगटावर काळ्या शाईने नंबर घालावा. नंबर ज्याचा त्याच्या राजीखुशीने अदलाबदल करता येईल, परंतु मध्ये घुसणारास माफी नाही, मग तो कोणाचाही कोणी असो.

शनिवारी पहाटे फौजेने मोर्चे धरिले. दुकानापासोन उताराची गल्ली, वर रेल्वेपुलाच्या कमानी, अंगावर भुरभुर पाऊस, बगलेत चहाची थर्मासे आणि पदरी गरम पाय, म्हणजे सारणाच्या विलायती करंज्या. ब्रेंडाबाई रिवाजाप्रमाणे पहिल्या; तेहतीस वर्षांत दुसरा नंबर त्यांनी पाहिलेला नव्हता. शाईची लेखणी त्यांच्याच हाती. दुसऱ्या डोरीन क्रॉम्प्टन, वय चौऱ्याहत्तर, घडीची खुर्ची घेऊन.

साडेदहाचे सुमारास एक मोहरीरंगी स्वेटरवाला, तुरा पावसाने बसलेला, थेट दाराकडे चालला. बाईंनी लेखणी आडवी धरिली.

"कुठं निघालास, राजा? शेपटाला जा."

"अहो, पण मी ऑब्री आहे."

"सकाळपासून 'मीच ऑब्री' म्हणणारे नऊ झाले, तू दहावा. आणि खरं सांगू? त्या नवांत तुझ्यासारखा वाईट एकही नाही जमलेला. रुबार्बसुद्धा नाही खिशात!"

तो गृहस्थ ओशाळला, माफी मागता जाहला, आणि शेपटास जाऊन मनगटावर सत्त्याऐंशी घालोन उभा राहिला.

त्यामागे अठ्ठ्याऐंशीवे आले ट्रेवर हार्डकासल, मोठी छत्री आणि त्याहून मोठा फोन घेऊन. छत्री पुढच्याच्या हाती दिली. "जरा धर रे, मला दोन्ही अंगठे लागतात." मग विचारिते जाहले, "काय वाटतं तुला, ऑब्री येईल का अकरापर्यंत टेबलाशी?"

सत्त्याऐंशीने रांगेच्या लांबीकडे पाहिले आणि खिन्न होऊन म्हटले, "या रांगेनं? नाही पोचत तो."

ट्रेवर यांनी त्याच छत्रीखाली तत्काळ बातमी सोडिली की अत्यंत आतल्या गोटातून कळते, ऑब्री येत नाहीत. ती बातमी रांगेतूनच वर चढत गेली. कोणी अश्रू ढाळिले, कोणी उरली करंजी दुःखाने संपविली, परंतु जागा एकानेही सोडिली नाही, कारण दुःख आपल्या जागी आणि नंबर आपल्या जागी.

अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. गॉर्डन प्लॅट दाराशी आले आणि हात हलवोन म्हणाले, "टेबल मांडलंय, चहा गार झाला. माणसाचा पत्ता नाही, ब्रेंडा."

तेव्हा बाई दुधाच्या क्रेटावर चढल्या, चष्मा पुसला, आणि तेहतीस वर्षांचा खलिता आज बंद झाला हे सांगण्यास तोंड उघडिले, तो खाली शेपटाकडून बारीक आवाज आला.

"माफ करा हं. मी साडेदहापासून इथंच आहे."

"मग बोलला का नाहीस?" बाई कडाडल्या.

"बोललो की. तुम्ही म्हणालात शेपटाला जा. मग रांग मोडून पुढं यायचं बरं नाही वाटलं."

हुकूम जाहला की गाऊन दाखवावे. नऊ तोतया ऑब्री आधी गायले, सर्व सुरेल. मग सत्त्याऐंशी गायला, आणि पहिल्या तबकडीत जेथे आवाज फाटतो तेथेच, तैसाच फाटला. ट्रेवर यांनी छत्री धरणाराचे तोंड प्रथमच नीट पाहिले आणि त्यांचा रंग चुन्यासारखा जाहला.

फौज ओरडली की पुढे जाऊ द्या. परंतु डोरीनबाई खुर्चीतून उठल्या. "माझ्या पुढं कोणी घुसणार नाही. ऑब्री असो नाहीतर राजा असो."

"त्यांचं बरोबर आहे," ऑब्री म्हणाले, आणि हलेनात.

मोठा पेच पडला. गायक आत गेल्याविना रांग सरकेना, आणि रांग सरकल्याविना गायक आत जाईना. मसलत चालली, कोणी काही सांगे, कोणी काही. शेवटी ब्रेंडाबाई क्रेटावरून उतरल्या, आपल्या मनगटावरचा एकचा आकडा थुंकी लावोन पुसला, आणि पायी चालत शेपटास आल्या.

"हात कर," म्हणाल्या. ऑब्रींच्या मनगटीचा आकडा पुसोन तेथे एक लिहिला, आपल्या मनगटी सत्त्याऐंशी. मग खिशातला रुबार्बचा दांडा त्यांच्या खिशात खोवला. "आता कुठं जरा दिसतोस त्याच्यासारखा. जा, राजा."

डोरीनबाईंनी कायदा तपासोन मान डोलाविली. ऑब्री नंबरी एक होऊन वर गेले आणि ब्रेंडाबाई ट्रेवरपुढे पावसात उभ्या राहिल्या. घटकाभराने मागे न वळता बोलल्या, "छत्री धर रे जरा. मला दोन्ही हात तबकडीला लागतात." ट्रेवर यांनी धरिली, ती दीड तास.

बाईंची पाळी आली. ऑब्रींनी तबकडीवर लिहिले, "एक नंबरास, सत्त्याऐंशीकडून," आणि खाली दस्तखत केले.

येणेप्रमाणे शनिवारी दोन प्रहरी स्टॉकपोर्टची मोहीम फत्ते जाहली. रांग अभंग राहिली, दस्तखते नव्याण्णव जाहली, कारण एक नंबर खुद्द गायकाचा. सोमवारी 'रविवारचा खलिता' निघाला, त्यात ओळ एकच: "आला." ट्रेवर हार्डकासल यांनी दुरुस्ती छापिली की आपली बातमी चुकली खरी, परंतु ती खुद्द ऑब्रींच्या तोंडची होती, आणि त्यांच्या बातमीखान्याच्या साऱ्या आयुष्यात ही एक गोष्ट मात्र खरी निघाली, हे नमूद असावे.