दोरवाल्याचा चौथा भाग

लॉन्ड्रीसमोरच्या भिंतीवर दोरवाल्याचं पोस्टर लागलं आणि मी ठरवलं की यांना घेऊन सिनेमाला जायचं. निर्णय एवढाच होता. तोही गिऱ्हाइकांच्या शर्टांना चिठ्ठ्या टाचता टाचता घेतलेला, त्यामुळे फार विचार करून घेतला असं म्हणता येणार नाही.

दोरवाला म्हणजे खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून खजिने शोधत फिरणारा नायक. सिनेमात त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरी तो दोरवालाच. पहिला भाग आम्ही लग्नाआधी पाहिला, दुसरा लग्न झाल्यावर, आणि तिसऱ्याच्या वेळी मुलगी पोटात होती. आता ती मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करते आणि दोरवाला पुन्हा दोर घेऊन निघाला होता. पोस्टरवर त्याचे केस इतके काळेभोर होते की मला माझ्याच केसांची लाज वाटली.

'पाहिला' असं आपलं म्हणायचं. मी त्या सिनेमांतला एकही थरारक प्रसंग पाहिलेला नाही. ढोल वाजायला लागले की मी डोळे गच्च मिटायची, यांचा हात धरायची आणि विचारायची, "पुढे काय?" मग हे माझ्या कानाशी लागून कुजबुजत सगळं सांगायचे. पूल तुटला, दोर अडकला, वाघ समोर आला. अंगावर काटा यायचा. बायका माणसाचा पगार बघतात, घर बघतात. मी ती कुजबुज ऐकली आणि हो म्हणून बसले.

आता तीच ऐकू येत नव्हती. छापखान्यातल्या यंत्रांनी यांचे कान खाल्ले आणि निवृत्त झाल्यापासून यांचं बोलणंही आटलं. कानाचं मशीन आहे, पण ते चष्म्याच्या डबीत झोपलेलं असतं. मी बोलते आणि हे खिडकीबाहेर बघतात. (खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. मीही जाऊन बघितली. तिच्यात विशेष काही नाही.) मला वाटलं, अंधार तोच असेल, ढोल तेच असतील, तर कदाचित हेही तेच निघतील.

मी मुलीला फोन केला.

"आई, लोक काय म्हणतायत वाचलंस का? भंगार आहे म्हणे."

"असू दे."

"अगं, दोन महिन्यांत टीव्हीवर येईल. घरी पाय पसरून बघा."

"घरी अंधार नसतो," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "बरं. काढते तिकिटं."

यांना तयार करायला दोन दिवस लागले. मशीन लावायचं हीच माझी अट. आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. मी कपाटातली चांगली साडी काढली होती. अंधारात तिचा काय उपयोग, हे मला खुर्चीत बसल्यावर सुचलं.

सिनेमा सुरू झाला आणि थिएटरचा आवाज यांच्या मशीनमध्ये शिरून शिट्टी वाजायला लागली. पुढचे दोघे वळून बघायला लागले. यांनी शांतपणे मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. माझी अटही खिशात गेली. पण तेवढ्यात ढोल वाजले. सवयीने डोळे मिटले गेले, हात यांच्या हातावर गेला, आणि मी यांच्या कानात तोंड घालून विचारलं, "पुढे काय?"

 मग हे कुजबुजले. म्हणजे यांच्या मते कुजबुजले.

"दोर सुटलाय," अख्ख्या थिएटरला ऐकू गेलं. "एका हातावर लटकलाय. खाली मगरी आहेत."

मला लाज वाटायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांत हे सलग एवढी वाक्यं बोलले नव्हते.

"काका, जरा हळू," मागून एक बाई म्हणाली.

"एका मगरीने बूट ओढला," हे म्हणाले. "आता दुसरी येतेय. ही म्हातारी आहे, पण चलाख आहे."

"काका," त्याच बाईचा आवाज आला, आता जरा गोंधळलेला, "मगरी कुठे आहेत?"

मी डोळे उघडले.

पडद्यावर दोरवाला खुर्चीत बसून चहा पीत होता. समोर नकाशा पसरला होता आणि तो भाच्याला गुहेचा रस्ता समजावून सांगत होता. दोर भाच्याच्या खांद्यावर होता. ढोल नुसतेच वाजत होते. पाण्याचा थेंब नव्हता, तर मगरी कुठून येणार?

"पडद्यावर तर नुसता चहाच चाललाय," शेजारचा एक माणूस त्या बाईला म्हणाला. "बोलू द्या हो. यांचा सिनेमा बरा आहे."

इंटरव्हलमध्ये मी यांना बाहेरच्या बाकावर बसवलं, रुमाल सोडला आणि मशीन स्वतःच्या हाताने यांच्या कानात बसवलं.

"मगरी नव्हत्या," मी म्हटलं.

"नव्हत्या."

"मग दुसऱ्या भागातला पूल?"

"पूल होता. तो चालत गेला पलीकडे."

"तुटला नाही?"

"चांगला सिमेंटचा होता."

 "आणि वाघ? वाघ तरी?"

"वाघ होता," हे म्हणाले.  "पिंजऱ्यात होता."

म्हणजे माझ्या तरुणपणीचा सगळा थरार या माणसाने जागेवर बसून तयार केला होता, आणि तिकिटाचे पैसे मात्र दुसराच घेऊन गेला. "मला फसवलंत की हो," मी म्हटलं.

"तू विचारायचीस, पुढे काय. सिनेमात पुढे फारसं काही नसायचं. आणि काही नाही म्हटलं असतं तर तू हात सोडला असतास."

मी रिकाम्या रुमालाची घडी घातली. पॉपकॉर्नचं यंत्र तेवढं तडतडत होतं.

"मग घरी का बोलत नाही?" मी शेवटी विचारलं.

"तू विचारत नाहीस."

"दिवसभर विचारते. गॅस बंद केला का, दूध आणलं का, मशीन कुठे ठेवलं."

"ती चौकशी झाली," हे म्हणाले.

घंटा वाजली. लोक आत जायला लागले. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. दोरवाल्याला खजिना मिळतो की भाच्याला, याची आम्हाला काहीच पडली नव्हती. हे उठले, मीही उठले. बाहेरच्या दारापाशी मी यांचा हात धरला, डोळे गच्च मिटले आणि म्हटलं, "पुढे काय?"

हे माझ्या कानाशी वाकले. आता मशीन कानात होतं, त्यामुळे आवाज थेट तसाच, हळू, उबदार, फक्त माझ्यापुरता.

"पुढे पायरी आहे," हे कुजबुजले.

माझ्या अंगावर काटा आला. मी वाट बघू लागले. दगडी असेल का, शेवाळलेली, तिच्याखाली नाग? "मग?" असं म्हणून मी मोठ्या विश्वासाने पुढचं पाऊल टाकलं.

संध्याकाळी मी प्लॅस्टरचा पाय उशीवर ठेवून पडले होते तेव्हा मुलीचा फोन आला. फोन यांनी घेतला. मी डोळे मिटून ऐकत होते. हे अर्धा तास बोलत होते. जिना कसा हलत होता, गर्दी कशी उसळली, माझा हात यांच्या हातातून कसा निसटत गेला. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.

"बाबा," शेवटी मुलगी म्हणाली. स्पीकर चालू होता. "आता खरं सांगा."

"खऱ्यात सांगण्यासारखं काही नाही गं," हे म्हणाले. "एकच पायरी होती. तीही पिवळ्या रंगाने रंगवलेली."